उताणी घंटा

माझा भाऊ एनॉक पास्क हा चाकं करणारा माणूस. विगथॉर्पमध्ये गाडीचं चाक मोडलं की लोक त्याच्याकडे यायचे आणि वेळेवर मिळालं नाही तरी गुपचूप थांबायचे, कारण त्याच्या हातचं चाक पुन्हा मोडत नसे. बोलणं अगदी कमी. जे काय बोलेल तेही तोंडात खिळे धरून, त्यामुळे निम्मं कळायचंच नाही. मी त्याची धाकटी बहीण डॉर्कस. माझ्या तोंडात कधी खिळे नसतात, म्हणून घरातलं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलं, आणि ते मी आजवर इमानाने करत आले आहे.

त्याची दुसरी ओळख म्हणजे चर्चचा मनोरा. आमच्या सहा घंटा, आणि त्या वाजवणाऱ्या टोळीचा तो म्होरक्या. ज्यांनी जन्मात कधी दोर धरला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे घंटा नुसती हलवून टणटण करत नाहीत. ती एका मोठ्या चाकाला जखडलेली असते. दोर ओढत, झोके वाढवत तिला वर वर न्यायचं, ते इतकं की शेवटी ती आभाळाकडे तोंड करून उताणी उभी राहते. तिथून सोडली की एक अख्खी गिरकी घेते, टोला देते आणि पुन्हा उताणी. वाजवून झालं की झोके कमी करत करत तिला उपडी करायची, खाली आणायची आणि मगच घरी जायचं. कारण उताणी घंटा एका लाकडी दांडक्याला टेकून असते. अडाण्याने दोराला हिसका दिला की टनभराचं धूड फिरतं, दांडकं मोडतं, दोर छताकडे सुटतो आणि धरणाराही त्याच्याबरोबर जातो. पलीकडच्या गावात एक पाहुणा असाच गेला. त्याला खाली आणला तेव्हा त्याची टोपी तेवढी धड होती.

तर जगाला जे उलटं वाटतं ते आमचं सुलटं. काही बिनसलं की लोक म्हणतात, सगळं 'अपसाइड डाउन' झालं. आमच्या या पाणथळ मुलखातली म्हातारी माणसं मात्र 'अप सो डाउन' म्हणायची. माझी आईही तसंच म्हणायची आणि तिचं ऐकून मी शाळेत म्हटलं, तेव्हा मास्तरीणबाई वर्गासमोर मला हसल्या होत्या. पुढे आमचे पाद्रीसाहेब फिंचम यांच्याकडे धुणं-इस्त्री करताना एकदा तो शब्द माझ्या तोंडून गेला. ते हसले नाहीत. हातातलं पुस्तक ठेवून म्हणाले, "डॉर्कस, हेच मूळचं आहे. पाच-सहाशे वर्षांपूर्वी सगळं इंग्लंड असंच बोलायचं. 'सो' म्हणजे जणू. वर, जणू खालीच. पुढे लोकांना तो 'सो' कळेनासा झाला आणि कुणीतरी आपल्या सोयीने तिथे 'साइड' आणून बसवली." मास्तरीणबाई तोवर वारल्या होत्या, नाहीतर त्याच पावली जाऊन सांगितलं असतं. एनॉकला मात्र सांगितलं. त्याने खिळे तोंडातून काढले. "वर, जणू खालीच," तो म्हणाला. "ज्याने हे काढलं तो घंटा वाजवणारा असणार." यापेक्षा लांब बोललेला मी त्याला त्या वर्षी ऐकला नाही.

एनॉक आणि केझिया यांना एकच मुलगा, एमॉस. बापासारखाच हाताला कसब, पण तोंड आत्याचं. सगळ्यात मोठी घंटा तो वाजवायचा. युद्ध सुरू झालं आणि त्याला फ्रान्सला पाठवायचं ठरलं. जाण्याआधी ईस्टरला तो सुट्टीवर आला, तेव्हा आमच्या मनोऱ्याच्या रिवाजाप्रमाणे त्याने आपली घंटा आपल्या हाताने उताणी केली आणि तशीच ठेवून गेला. रिवाज असा, की वाजवणारा लढाईवर गेला की त्याची घंटा तो येईपर्यंत कुणी खाली आणायची नाही. रविवारी दुसऱ्याने वाजवली तरी शेवटी पुन्हा उताणीच ठेवायची. मागच्या लढाईत स्वतः एनॉक गेला होता, तेव्हा आमच्या वडिलांनी त्याची घंटा चार वर्षं वर ठेवली, आणि तो आला. आमच्याच टोळीतल्या सायलस ब्लोचं तसं झालं नाही. त्याची घंटा बाहेरच्या एका कारागिराने दुरुस्तीसाठी न विचारता खाली आणली, आणि सायलस परत आला नाही. मी म्हणते योगायोग. पण एनॉकशी त्यावर वाद घालायची सोय नव्हती.

जूनमध्ये आमची फौज फ्रान्सच्या किनाऱ्यावरून होड्या-बोटींनी परत आली. आमच्या गल्लीतली दोन मुलं आली. एमॉस आला नाही. कळवण्यात आलं, की बेपत्ता आहे. मेला असंही नाही, पकडला असंही नाही. त्याच सुमाराला सरकारचा हुकूम निघाला: देशभरात एकही घंटा वाजवायची नाही. शत्रूची माणसं छत्र्यांनी आभाळातून उतरली तर इशारा म्हणून तेवढी वाजवायची, आणि तीही फौजेच्या नाहीतर पोलिसांच्या माणसानेच. झालं, आमचा मनोरा मुका झाला. गावरक्षक दलाचा सार्जंट म्हणून नेमणूक झाली गॉस्लिंग खाटकाची. डुकराचं मांस तोलताना आपला अंगठाही तोलणारा माणूस, पण बिल्ला मिळाल्यावर असा चालायला लागला की बघवत नव्हतं. मनोऱ्याची किल्ली त्याच्याकडे गेली. किल्ली घेताना त्याने विचारलं, सगळ्या घंटा खाली आहेत ना, कारण माझ्या माणसांना नुसतं ओढणं माहीत आहे. एनॉक म्हणाला, आहेत. माझ्या भावाने जन्मात खोटं बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं, म्हणून मलाही ते खरंच वाटलं.

पुढे पाद्रीसाहेबांनी मला मनोऱ्याची खोली झाडायला सांगितली. गॉस्लिंगकडून किल्ली मागून आत गेले, केरसुणी हातात घेतली आणि सहज दोरांकडे पाहिलं. पाच दोर नेहमीसारखे होते. सहावा ज्या उंचीला लटकत होता त्यावरूनच मला कळलं. केरसुणी तिथेच टाकली. माझ्या डोक्यावर, फळ्यांच्या वर, ते धूड तोंड वर करून उभं होतं, आणि खाली दाराची किल्ली एरवी त्या खाटकाच्या पट्ट्याला.

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच एनॉकच्या कारखान्यात गेले आणि म्हटलं, "एनॉक, मोठी वर आहे."

"आहे," तो म्हणाला.

"आणि उद्या गॉस्लिंगने ती ओढली म्हणजे?"

"ओढणार नाही. मी तिथे असेन."

"तू काय रात्रंदिवस चर्चच्या दारात बसणार आहेस? अरे, त्याला तीन पोरी आहेत. त्याचं मांस वाईट आहे म्हणून त्याला मारायचंय का तुला?"

मी म्हटलं, लोलकाला चामडं बांधू, म्हणजे आवाज होणार नाही आणि हुकूमही मोडणार नाही. गुपचूप खाली आणू, कुणाला कळणारसुद्धा नाही. तो म्हणाला, उताण्या घंटेच्या तोंडात हात घालायला वर कोण चढणार, तू? धक्का लागला तर गोळा करायला तुकडे मिळायचे नाहीत. हे खरं होतं, पण कारण ते नव्हतं. मी तिथून हललेच नाही, तेव्हा त्याने हातातली पटाशी खाली ठेवली.

"डॉर्कस, ती वर आहे तोवर तो आहे. मी ती खाली आणली तर मी त्याला मारलं असं होईल. हे मला करायला सांगू नकोस."

त्याचा आवाज फाटला. त्याची मला कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. गॉस्लिंगला मी एवढं मात्र सांगितलं, की वेळ आली तर पहिला दोर ओढ, छोट्या घंटेचा, मोठीला हात लावू नकोस. मोठी का नको, ते सांगितलं असतं तर एनॉकला गावासमोर उभं केलं असतं. ते माझ्याने झालं नाही. तर तो मिशी चोळत म्हणाला, "छोटीचा आवाज हॉबडेच्या शेतापर्यंतसुद्धा जात नाही, बाई. लढाई आहे ही, नामकरण नाही." त्याचं म्हणणं चुकीचं होतं असंही नाही.

मग त्या उन्हाळ्यात माझा भाऊ खरोखरच त्या दाराला जखडला गेला. आपलं काम त्याने चर्चच्या भिंतीलगत मांडलं. लोकांना सांगितलं, तिथे सावली आहे. जवळच्या बॉस्टन गावच्या बाजाराला जायचं सोडलं. मेव्हण्याच्या मयताला गेला नाही, त्यावरून केझियाच्या माहेरच्यांनी बोलणं टाकलं. चर्चच्या वाटेने कुणी घाईने आलं की हातातलं टाकून उभा राहायचा. चेहरा ओढला गेला, कपडे अंगावर लोंबायला लागले.

आणि केझिया. ती मुळात हसरी बाई, स्वयंपाक करताना गुणगुणणारी. ते थांबलं. कुणी तिच्याजवळ "बिचारा एमॉस" म्हणालं की एनॉक तिथल्या तिथे तोडायचा, "बिचारा कशाला? तो आहे." मग ती मान हलवायची, आहे. एकदा मी गेले तेव्हा ती त्याचा थंडीचा कोट मांडीवर घेऊन बसली होती, तोंड त्यात खुपसून. एनॉक आत आला, तिच्या हातातून कोट काढून घेतला, झटकला आणि खुंटीला लावला. "त्याला लागेल थंडीत," म्हणाला. ती उठून बटाटे सोलायला लागली. मला दोघांनाही एकेक थप्पड लगवावीशी वाटली, आणि दोघांनाही जवळ घ्यावंसं वाटलं. केलं काहीच नाही, बटाटे सोलायला बसले. घंटेबद्दल ती अवाक्षर काढत नसे. मला वाटायचं तिला माहीतच नाही.

सप्टेंबर आला. आभाळात रोज विमानं, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच, की ते आता उतरणार. त्या दिवशी दुपारी चांगलं ऊन होतं. हॉबडेची धान्याने भरलेली गाडी चाक मोडून शेतातच बसली, आणि कापणीच्या दिवसांत त्याला नाही म्हणणं एनॉकला जमलं नाही. मला म्हणाला, तू दाराकडे लक्ष ठेव, मी गेलो आणि आलो. मी आई-वडिलांच्या थडग्यावरचं गवत काढत बसले.

तेवढ्यात गल्लीतून आरडाओरडा आला. छत्री, छत्री दिसली, मळ्यावर उतरतेय. गॉस्लिंग रक्ताळलेल्या एप्रनसकट धावत आला, किल्ली फिरवली आणि आत घुसला. मी मागोमाग. तो मोठ्या दोराशीच गेला होता. नवखा माणूस करतो तसंच त्याने केलं होतं, हात घसरू नये म्हणून दोर मनगटाला दोनदा गुंडाळला होता.

मी त्याच्या दंडाला लोंबकळले. "ओढू नकोस. वर आहे ती. उताणी आहे."

"सोड मला. ते उतरतायत, आणि तू—"

"ओढशील तर छताला चिकटशील. तुझ्या पोरींची शपथ."

पोरींचं नाव ऐकून तो थबकला. वर पाहिलं. तोंडचं पाणी पळालं, पण दोर सुटेना, हातच थरथरत होता. त्या थरथरीने दोर हलत होता. तेवढ्यात दारात एनॉक. शेतातून पळत आलेला, छाती भात्यासारखी चाललेली. त्याने गॉस्लिंगच्या मनगटाकडे पाहिलं. पुढे आला, एका हाताने दोर स्थिर धरला, दुसऱ्याने वेढे हळूहळू सोडवले. मनगटावर लाल वळ उठले होते. गॉस्लिंग मागे सरकून भिंतीला टेकला.

"कुणी ठेवली होती ही वर?" त्याने विचारलं.

"मी," एनॉक म्हणाला.

"मग वाजव. हुकूम आहे."

एनॉकने ओढली. तीन महिन्यांनी ती बोलली आणि भिंती हादरल्या. बाहेर गाव वेड्यासारखं धावायला लागलं असणार, बायका पोरांना तळघरात ढकलत असणार, पुरुष दाताळी-कोयते शोधत असणार. आत एनॉक आपल्या नेहमीच्या संथ हाताने टोले देत होता. गिरकी, टोला, पुन्हा उताणी. मी त्याच्या खांद्यांकडे बघत होते, आणि खरं सांगते, मला वाटलं, चला, वाजवून झाली की परत वर ठेवेल.

मग हवालदार सायकल टाकून आत आला. "बंद करा. आपलाच आहे, आपल्याच विमानातला. हॉबडेच्या बीटाच्या शेतात पडलाय, पाय मोडलाय आणि चहा मागतोय."

गॉस्लिंग मटकन खाली बसला. म्हणाला, थांबव, एनॉक. एनॉकला तिथल्या तिथे थांबवता आली असती. एक गिरकी, दांडक्याला टेकवायची आणि दोर सोडून द्यायचा. मी त्याचे हात हजारदा पाहिलेत. त्याच्या बोटात होतं ते. त्याने जमिनीवर बसलेल्या गॉस्लिंगकडे पाहिलं. तो आपलं मनगट चोळत होता. मग माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा झोका पुरता वर जाऊच दिला नाही.

मला लगेच कळलं. झोका आधीपेक्षा छोटा. त्याच्या पुढचा आणखी छोटा. टोले जवळ जवळ यायला लागले. "बंद कर म्हणतोय ना," गॉस्लिंग ओरडला, "लोक घाबरतील." हवालदार दोराकडे हात न्यायला लागला, तो मी त्याच्या आडवी उभी राहिले. म्हटलं, आता मध्ये पडाल तर माझ्याशी गाठ आहे. दोघांना वाटलं बहीण-भाऊ एकदमच बिथरले. एनॉकच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हात मात्र एकदाही चुकला नाही. टोले भराभर, हलके, एकमेकांत मिसळलेले, आणि मग नुसती घरघर. शेवटी तीही थांबली. घंटा उपडी झाली होती. त्याने दोर गुंडाळून खिळ्याला अडकवला.

"आता कुणीही ओढा," गॉस्लिंगला तो म्हणाला. "काही होणार नाही." तू खोटं बोललास, तुझ्यापायी मी मेलो असतो, हे म्हणायला गॉस्लिंगने तोंड उघडलं होतं, आणि तो त्याचा हक्कच होता. पण एनॉकचा चेहरा बघून त्याने एप्रनला हात पुसले आणि वाट दिली.

आम्ही घराकडे निघालो. गावात लोक घराघरांतून बाहेर येत होते, काही हसत होते, काही शिव्या देत होते. त्या छत्रीवाल्या पोराला खाटेवर घालून नेताना आम्हाला वाटेत भेटले. एमॉसच्याच वयाचा असेल. एनॉकने टोपी काढली, तर पोराने हसून हात वर केला.

आमच्या गल्लीत वळलो आणि एनॉक थांबला. चकचकीत ऊन, सगळ्यांच्या खिडक्या उघड्या, आणि फक्त त्याच्या घराचे पडदे ओढलेले, खालपासून वरपर्यंत. आमच्याकडे भर दिवसा पडदे एकाच कारणाने ओढतात, घरात कुणी गेलं की. तीस वर्षं घंटावाल्याच्या घरात काढलेली बाई ती. सगळं गाव छत्रीवाल्यांच्या भीतीने पळत होतं, आणि ही एकटी चुलीपाशी उभी राहून ऐकत होती, की टोले जवळ येतायत, की मोठी खाली येतेय.

आत अंधार होता. केझिया काळे कपडे घालून बसली होती. कोट तिच्या मांडीवर होता. ती रडत होती, मोठमोठ्याने, तोंड न झाकता. एनॉक दारातच उभा राहिला. म्हणाला, "केझिया, माझ्या हातून तो गेला. मला क्षमा कर."

तिने मान वर केली. मग म्हणाली, "क्षमा कसली मागतोस? इतके दिवस तू ती वर धरून होतास, एनॉक. मला माझ्या पोरासाठी रडतासुद्धा येत नव्हतं."

तो तिच्याशेजारी जाऊन बसला, आणि तिने कोटाचं अर्धं त्याच्या मांडीवर सरकवलं. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर पायरीवर बसून राहिले, कुणी चौकशीला आलं तर सांगायला.